गळ्यापर्यंत

आमच्या इमेरेतीत कुंभाराला कोणी नाव विचारत नाही,
विचारतात, तुझे रांजण कुठे कुठे पुरलेत.
मी बोटांवर मोजून सांगते:
पुलापलीकडे तीन,
पाद्रीच्या अंगणात एक,
बोंदो मास्तरकडे दोन, पैकी एकाचे पैसे यायचेत.
सगळे जमिनीखाली, गळ्यापर्यंत.
वर फक्त तोंड, तोंडावर दगड, दगडावर माती,
आणि मातीवर बहुतेक वेळा एखादी कोंबडी.

तिबिलिसीहून एक बाई आली होती,
निळ्या झिलईच्या बशा करते.
म्हणाली, लामझिरा, तुझं काम कुणाला दिसतच नाही गं.
मी म्हटलं, मुळं तरी कुठे दिसतात?
मग रात्रभर वाटत राहिलं,
उत्तर जरा जास्तच गुळगुळीत झालं.

खरं तर
चाकच नाही आमच्याकडे.
माणूस मावेल असं भांडं कुठलं चाक पेलणार?
भांडं उभं, मीच भोवती फिरते,
मनगटाएवढी वळी खांद्यावर टाकून.
दिवसाला वीतभर चढते भिंत, जास्त नाही.
घाई केली की पोट सुटतं रांजणाचं
आणि तो बसतो खाली,
जेवणानंतरच्या माझ्या काकासारखा.
म्हणून सात एकदम. एक सुकेस्तोवर दुसरा,
अशी तीन महिने पायपीट, एकाच खोलीत.
हिशेब गुडघ्यांनी ठेवलाय.

वडिलांनी शिकवलं, म्हणजे शिकवलं नाही.
सेवेरियान बोलायचेच कमी.
मुलगा नव्हता त्यांना,
आणि मी चुलीवर सगळंच करपवायची.
एकदा हाताला धरून छपराखाली नेलं,
वाशाकडे बोट दाखवलं:
कुंभारीण.
तोंडात चिखलाचा दाणा,
थुंकी, चिखल, परत थुंकी,
आणि ओठ बाहेर वळलेला तो बोराएवढा घडा.
तोंड लिंपून उडून गेली,
आत काय ठेवलं ते बघायला थांबली नाही.
झाली माझी शाळा.

भट्टी सात दिवस, सात रात्री.
दार विटांनी बुजवलेलं, एक डोळा तेवढा उघडा.
ऊन असतानाच आतून मेण फिरवायचं,
मग पेरानं वाजवून बघायचं.
घंटेसारखा बोलला तर आपला.
एक खोकला.
केसाएवढा तडा, तीन महिन्यांवर.
खापर कुणाच्या माथी फोडणार?
खापरही माझं, माथंही माझं.
त्यात आता कोंबड्या अंडी घालतात.

गेल्या सप्टेंबरात नाझिब्रोलाचा जुना रांजण घासायचा होता.
तिचा नवरा उतरायचा दरवर्षी, तो आता नाही.
पोरं म्हणतात, आत रेंज येत नाही.
मी उतरले, कमरेला दोर,
हातात चेरीच्या सालीचा घासणा.
आत थंड, आंबूस.
स्वतःचाच आवाज, पण वडीलधारा होऊन परत येणारा.

तळाशी, पहिली वळी दुसरीला चिकटते तिथे,
मेणाचा पापुद्रा सुटला
आणि खाली एक अंगठा.
रुंद, डावीकडे कललेला.
असा लिंपणारा आमच्या गावात एकच होता.
पण मी पाहिला तो अंगठा अर्धाच,
माझ्या जन्माआधीच आरायंत्रानं खाल्लेला.
इथे मात्र सबंध.
नखाची रेघसुद्धा.

माझा ठेवून पाहिला त्यात.
बसला नाही. माझा लहान आहे.

वरून नाझिब्रोला ओरडली, तडा आहे का गं?
नाही, म्हटलं.
मग येतेस ना वर?
थांब जरा, म्हटलं.
दोर ओढू नकोस इतक्यात.